आरोग्य सल्ला: घराचा डॉक्टर आणि गरजेच्या तपासण्या

प्रश्न : वडील ७३ वर्षांचे आहेत, बीपी आणि शुगर दोन्ही आहे. शुगरला एक, गुडघ्याला एक आणि पोटाला एक असे लातूरला तीन डॉक्टर झाले. रोजच्या गोळ्या अकरा. मागच्या महिन्यात चक्कर येऊन अंगणात पडले, तेव्हा त्यांना कुणाकडे न्यावं हेच आम्हाला सुचेना. घराला एकच डॉक्टर असावा असं आता वाटतंय. तो निवडायचा कसा? लोक म्हणतात, ज्याच्या हाताला गुण त्याच्याकडे जा.
(एक वाचक, ता. औसा, जि. लातूर)

उत्तर : तिन्ही डॉक्टरांनी आपापल्या जागी बरोबर औषध दिलं असेल. पण अकरा गोळ्यांची बेरीज त्यांच्यापैकी कुणीच केलेली नाही, आणि घराचा डॉक्टर लागतो तो या बेरजेसाठीच. गुडघ्यासाठी मिळणाऱ्या डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी बीपी चढतं आणि किडनीवर ताण येतो. मग बीपीची गोळी वाढते. वाढलेल्या बीपीच्या गोळीने उठताना चक्कर येते, तर कधी शुगरच्या गोळीने साखर खाली जाऊन चक्कर येते. म्हणून आधी हे करा: घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स, डोळ्यांच्या थेंबांपासून पोटाच्या पावडरीपर्यंत, एका पिशवीत भरून एकाच डॉक्टरपुढे ओता. दोन वेगळ्या नावांखाली तेच औषध दोनदा चाललंय, हे बऱ्याचदा तिथेच उघड होतं. वडिलांचं बीपी आधी झोपवून आणि मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी मोजायला सांगा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला, तर चक्करेचं एक कारण हाती लागलं. तोवर मनाने कोणतीही गोळी बंद करू नका.

आता निवडीबद्दल. पाटीवर एमबीबीएस, एमडी मेडिसिन किंवा फॅमिली मेडिसिनची पदवी आहे का पाहा. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असायलाच हवा. हा क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा असतो आणि त्याचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. आपल्याकडे अनेक गावांत रात्री-बेरात्री दार उघडतात ते बीएएमएस डॉक्टरच. त्यांची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते. ते कधी थांबतात आणि कधी ‘आता हे माझ्या हातातलं नाही, वर न्या’ म्हणून चिठ्ठी लिहून देतात, याकडे लक्ष द्या. वेळेवर वर पाठवणारा डॉक्टर गावाला मोठा आधार असतो. नोंदणी क्रमांकच न दाखवणाऱ्याकडे मात्र पाऊल टाकू नका.

पहिली भेट दुखणं अंगावर असताना नको आणि बाजाराच्या दिवशीही नको. शांत दिवशी साध्या कामासाठी जा, बीपी मोजून घ्यायला गेलात तरी चालेल. बीपी कसं घेतात यावरून बरंच समजतं. आधी पाच मिनिटं टेकून बसवतात का? हात टेबलावर, छातीच्या उंचीला ठेवतात का? पट्टा दंडाला पुरतो का? जाड दंडाला अपुरा पट्टा बांधला तर आकडा खोटा चढतो. लघवी तुंबलेली असली, बोलत असलात, अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झाली असली, तरीही चढतो. एकाच मोजणीवर आयुष्यभराची गोळी लिहून देणाऱ्याबद्दल सावध राहा. १४०/९० किंवा त्यापुढे आकडा वेगवेगळ्या दिवशी पुन्हा दिसला, की मग बीपी म्हणायचं. फार चढलेलं, १८०/११० च्या वरचं असेल आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलण्यात अडखळणं किंवा एका बाजूची शक्ती जाणं असेल, तर मात्र थांबायचं नाही, त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात न्यायचं.

उठताना तीन गोष्टी विचारा. मला काय झालंय असं तुम्हाला वाटतं? ही तपासणी केल्याने उपचार बदलणार आहे का? कशाने बिघडलं तर लगेच यायचं? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. रात्री किंवा गावाला गेल्यावर त्यांच्या जागी कोण असतं, तेही विचारून ठेवा.

‘हाताला गुण’ यावर स्पष्टच लिहितो. दोन तासांत उभं करणारं इंजेक्शन पुष्कळदा स्टेरॉइडचं असतं. शुगरच्या माणसाची साखर त्याने भडकते. नाव न सांगता दिलेलं इंजेक्शन आणि कागदाच्या पुडीतल्या सुट्या गोळ्या घेऊ नका. अशक्तपणासाठी लावतात त्या ग्लुकोजच्या अर्ध्या लिटर सलाईनमध्ये, ५ टक्क्यांची बाटली असेल तर, २५ ग्रॅम साखर आणि बाकी पाणी असतं. उलटी-जुलाबाने माणूस गळून गेला आणि तोंडाने काही ठरेना, तर सलाईन जीव वाचवतं. जेवू शकणाऱ्या माणसाला मात्र भाकरी-वरणातून त्याहून जास्त मिळतं.

शेवटी फाइल. पहिल्या पानावर कोणत्या औषधाची ॲलर्जी, कोणतं ऑपरेशन कधी झालं आणि सध्याच्या गोळ्या, एवढं लिहा. ईसीजीचा चकचकीत कागद काही महिन्यांत उडून कोरा होतो, त्याची त्याच दिवशी झेरॉक्स काढा. भरती झालेल्या रुग्णाचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत देणं डॉक्टरांवर नियमाने बंधनकारक आहे. ते मागायला संकोच करू नका.

प्रश्न : मुलाने पुण्याहून आमच्या दोघांसाठी फुल बॉडी चेकअपचं पॅकेज घेतलं. लॅबचा माणूस घरी येऊन रक्त घेऊन गेला. मोबाईलवर सत्तर तपासण्यांचा अठरा पानांचा रिपोर्ट आला आणि नऊ ठिकाणी लाल अक्षरं आहेत. माझं वय ५८, बिडी ओढतो. सीईए ६.१ आलंय आणि ते कॅन्सरचं असतं असं कळल्यापासून झोप नाही. ट्रायग्लिसराइड २४०. पत्नी ५४ वर्षांची. तिचं एचबीए१सी ६.३, टीएसएच ५.८, व्हिटॅमिन डी कमी, ईएसआर ३४, हिमोग्लोबिन ९.८. आता कुठे कुठे जायचं?
(एक वाचक, जिंतूर, जि. परभणी)

उत्तर : आधी सीईए. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत तो थोडा वाढलेला असतो. कॅन्सर झालेल्या माणसाच्या उपचारावर नजर ठेवायला तो वापरतात. धडधाकट माणसात कॅन्सर शोधायची ती तपासणी नव्हे, आणि अशा पॅकेजमध्ये तो घालायलाच नको होता. या आकड्यावरून स्कॅन करायला धावू नका, रिपोर्ट आपल्या डॉक्टरांना दाखवा. वजन उतरणं, शौचातून रक्त जाणं, शौचाची सवय बदलणं असं काही असेल तर ते त्यांना जरूर सांगा. बिडीचं मात्र खरंच काहीतरी करायला हवं, त्यासाठी कोणत्याही रिपोर्टची वाट पाहायची गरज नव्हती.

लाल अक्षरं एवढी का येतात? निरोगी लोकांपैकी ९५ टक्के ज्यात बसतात, तीच मर्यादा बहुतेक वेळा ‘नॉर्मल’ म्हणून छापतात. म्हणजे ठणठणीत माणसाचाही प्रत्येक तपासणीत वीसात एक वेळा लाल आकडा येणारच. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर निदान एक लाल निघण्याची शक्यता ६४ टक्के होते. तुमच्या पॅकेजमध्ये तर सत्तर होत्या.

रक्त कसं घेतलं गेलं यालाही महत्त्व आहे. साखरेचं रक्त राखाडी बुचाच्या नळीत घ्यावं लागतं. साध्या नळीत रक्तपेशी साखर खात राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के, आणि आपल्या उन्हात त्याहून वेगाने. परभणीला पोचेपर्यंत बॅगेत तीन तास गेले, तर शुगर असलेल्या माणसाचा रिपोर्टही चांगला दिसतो. ट्रायग्लिसराइडचं, म्हणजे रक्तातल्या चरबीचं, उलट आहे. सकाळी दुधाचा चहा आणि दोन बिस्किटं झाली असतील तर ते चढतं. दहा-बारा तास उपाशी राहून, नुसतं पाणी पिऊन ते पुन्हा करा.

आता नऊ लाल अक्षरांत दबून गेलेली एक ओळ, आणि तीच खरी. पत्नीचं हिमोग्लोबिन ९.८ आहे. बाईला निदान १२ हवं. त्यांची पाळी चालू आहे का, अंगावरून जास्त जातं का, की पाळी बंद झालीय? बंद झालेली असेल आणि तरी लोह कमी पडत असेल, तर पोटातून किंवा आतड्यातून रक्त जातंय का हे शोधावंच लागतं. नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन हा प्रश्न मिटवू नका. फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, करा आणि याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. पाळी गेल्यानंतर पुन्हा कधी लाल दिसलं असेल तर तेही सांगा, बायका हे सांगायचं टाळतात.

ईएसआर अंगातली सूज दाखवतो, पण तो रक्त कमी असल्यानेही वाढतो. लोह कमी असताना एचबीए१सी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी) खोटं जास्त येऊ शकतं, म्हणून ६.३ वर शिक्का मारू नका. उपाशीपोटीची साखर करा. ती दोनदा १२६ किंवा जास्त आली तर मधुमेह, १०० ते १२५ असेल तर आहार, चालणं आणि दरवर्षी तपासणी. थायरॉइडचा टीएसएच ५.८ आहे, तो दोन-तीन महिन्यांनी टी४ या थायरॉइडच्याच तपासणीसोबत पुन्हा करा, लगेच आयुष्यभराची गोळी नको.

तुम्हा दोघांना खरं तर एवढंच पुरेसं होतं: दरवर्षी बीपी, वजन आणि कमरेचा घेर (पुरुषांत ९० सेंटीमीटर, बायकांत ८० च्या आत), उपाशी साखर, कोलेस्टेरॉल, तोंडाची तपासणी, आणि पत्नीसाठी हिमोग्लोबिन, स्तनांची व गर्भाशयमुखाची तपासणी. यातलं बरंचसं सरकारी दवाखान्यात फुकट होतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. मुलाला सांगा, पुढच्या वेळी पॅकेजच्या पैशात घरी बीपीचं मशीन घेऊन दे, मनगटाचं नको, दंडाचं.

प्रश्न : आशाताई घरी येऊन फॉर्म भरून गेल्या आणि ‘पिशवीच्या तोंडाची तपासणी’ करायला आरोग्य मंदिरात बोलावलंय. मी ४१ वर्षांची, मला काहीच त्रास नाही. सासूबाई म्हणतात, दुखत नाही तर दाखवायचं कशाला?
(एक वाचक, ता. कळंब, जि. धाराशिव)

उत्तर : ताई, तुमच्याच जिल्ह्याने या प्रश्नाचं उत्तर सगळ्या जगाला दिलंय. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून ५२ गावगटांमधल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका एका मोठ्या अभ्यासात सामील झाल्या. काही गावांत एचपीव्ही विषाणूची तपासणी झाली, काहींत पॅप (पिशवीच्या तोंडाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं), काहींत ॲसेटिक ॲसिड लावून पाहणी, आणि काही गावांत नेहमीचीच सेवा चालू राहिली. २००९ मध्ये निकाल छापून आला. एचपीव्हीची एकच तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या, कॅन्सरने होणारे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्म्याने कमी होते. तुमच्याच जिल्ह्यात शेतात राबणाऱ्या बायकांनी दिलेलं हे उत्तर आहे आणि ते जगभर आधाराला घेतलं जातं.

दुखत नाही तेव्हाच ही तपासणी करायची, कारण हा आजार कॅन्सर होण्याआधी कित्येक वर्षं मुकाट असतो. आरोग्य मंदिरात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात करतात ती पाहणी अशी: आत एक उपकरण घालून पिशवीचं तोंड उजेडात पाहतात, पातळ ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखं आंबट द्रावण, कापसाने लावतात आणि एक मिनिट थांबतात. बिघडलेल्या पेशी पांढऱ्या दिसू लागतात. थोडं चुरचुरतं, टोचणं-कापणं काही नाही. पाच मिनिटांत घरी. पाळीच्या दिवसांत जाऊ नका, आदल्या दिवसापासून संबंध आणि आत ठेवायचं औषध टाळा. पांढरा डाग दिसला म्हणजे कॅन्सर नव्हे. दुर्बिणीतून पुन्हा पाहतात आणि गरज पडली तर तेवढा भाग शेकून किंवा गोठवून नष्ट करतात, पिशवी काढावी लागत नाही. पुन्हा पाच वर्षांनी. पन्नाशीनंतर ती जागा आत सरकते, मग ही पाहणी नीट होत नाही आणि एचपीव्ही किंवा पॅप करावी लागते.

संबंधानंतर रक्त, पाळी गेल्यावर रक्त, वास येणारं पाणी, यातलं काही असेल तर शिबिराची वाट पाहायची नाही. सासूबाईंनाही सोबत न्या, त्यांचं बीपी आणि शुगर तिथेच होईल.

प्रश्न : आम्ही ऊसतोडीला जातो. मी ३६ वर्षांची आहे. अंगावरून पांढरं जातं म्हणून २८ व्या वर्षी पिशवी काढली. आता कंबर फार धरते, रात्री अंगातून आग निघते. मला ती कॅन्सरची तपासणी लागते का?
(एक वाचक, ता. धारूर, जि. बीड)

उत्तर : ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आणि काढलेल्या पिशवीचा बायोप्सी रिपोर्ट शोधा, हरवला असेल तर त्या दवाखान्यात मागा. पिशवी तोंडासकट काढली आणि बायोप्सी साफ असेल, तर ही तपासणी लागत नाही. तोंड मागे ठेवलं असेल तर लागते. कागदच मिळाला नाही, तर सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाई आतून पाहून किंवा सोनोग्राफी करून सांगतील.

दुसरं, अंडाशयं ठेवली की काढली? रात्रीची आग आणि एवढ्या वयात कंबर धरणं, यावरून दोन्ही अंडाशयं काढल्याची शंका येते. तसं असेल तर हाडं लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोकाही लवकर येतो. यावर हार्मोनचे उपचार आहेत, ते साधारण पाळी जायच्या वयापर्यंत देतात. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग विभागाला दाखवा. तोडीला निघण्याआधी बीपी, साखर, हिमोग्लोबिन करून घ्या आणि कागद सोबत न्या. तिथल्या डॉक्टरला तुमचं काहीच माहीत नसतं.

तुमच्या टोळीतल्या पोरींना एक निरोप द्या. पांढरं जाणं बहुतेक वेळा औषधाने बरं होतं. ‘पिशवी सडलीय, काढली नाही तर कॅन्सर होईल’ असं कुणी सांगितलं, तर पॅप किंवा बायोप्सीचा कागद मागायचा आणि सरकारी दवाखान्यात दुसरं मत घेतल्याशिवाय अंगठा उठवायचा नाही.

प्रश्न : आई मिसरी लावते, भाऊ तंबाखू-चुना खातो. तोंडाची तपासणी घरी करता येते का?
(एक वाचक, सेनगाव, जि. हिंगोली)

उत्तर : पहिली नजर घरी टाकता येते. दाराशी उजेडात आरसा धरा आणि चूळ भरून तोंड उघडा. आपलीच तीन बोटं उभी आत जायला हवीत, दोनच जात असतील तर तोंड आखडत चाललंय. दोन्ही गाल आतून, ओठांच्या आतली बाजू, जीभ उचलून तिच्या खालची जागा आणि जिभेच्या कडा पाहा. भाऊ पुडी ज्या बाजूला धरतो तिथे जास्त लक्ष द्या. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, हाताला लागणारी गाठ, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, मानेत गाठ, कारण नसताना हललेला दात, यातलं एक जरी असलं तरी दंतवैद्याला किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवा. तिथून पुढे पाठवायची वेळ आली तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. घरच्या आरशात काही दिसलं नाही तरी दवाखान्यातली तपासणी चुकवू नका, घशाजवळची जागा आरशात दिसत नाही.