पिंटर ज्या शाळेत शिकला ती हॅकनी डाउन्स शाळा बंद का पडली?

तुम्ही विचारलंय की नाटककार हॅरॉल्ड पिंटरची लंडनमधली शाळा खरंच ब्रिटनमधली सगळ्यात वाईट शाळा होती का आणि म्हणूनच सरकारने बंद केली का. मी तिथून जवळच राहतो, शिक्षण हा आवडीचा विषय, त्यामुळे या शाळेबद्दल बरंच वाचलंय. थोडक्यात सांगायचं तर, शेवटी शेवटी शाळेची हालत खरंच वाईट होती, पण "वाईट शाळा होती म्हणून बंद केली" एवढंच म्हणून विषय संपवणं हा त्या पोरांवर अन्याय आहे.

सुरुवात 1876 ची. लंडनमधला ग्रोसर्स कंपनी नावाचा किराणा-मसाल्याच्या व्यापाऱ्यांचा जुना संघ, म्हणजे मूळचे मिरीवाले, त्यांनी हॅकनीत मुलांसाठी शाळा काढली. हॅकनी तेव्हा वाढतं उपनगर होतं, कारकून, छोटे दुकानदार असा मध्यमवर्ग तिकडे राहायला जात होता आणि त्यांच्या मुलांना बऱ्यापैकी शाळा हवी होती. ग्रोसर्स कंपनीच्या चिन्हात लवंगा आहेत, त्यावरून माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेचं नावही क्लोव्ह क्लब. 1906 ला लंडन काउंटी कौन्सिलने, म्हणजे तेव्हा लंडनचा कारभार बघणाऱ्या संस्थेने, शाळा ताब्यात घेतली.

माझ्या मते शाळेचा खरा सुवर्णकाळ विसाव्या शतकाच्या मध्याचा. पूर्व लंडनमधल्या गरीब ज्यू घरांतली हुशार मुलं स्कॉलरशिपवर इथे यायला लागली. पिंटर 1944 ते 48 इथे होता, नट आणि नाटककार स्टीव्हन बर्कॉफही इथलाच, दोघांचेही वडील शिंपीकाम करणारे. सिनेमातला नट मायकेल केनसुद्धा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थोडे दिवस या शाळेत होता, तेव्हा शाळा बॉम्बच्या भीतीने नॉरफोकात किंग्ज लिनला हलवली होती. आणि इंग्रजीचे मास्तर जो ब्रेअरली! त्यांनी पिंटरकडून शाळेच्या नाटकात मॅकबेथ करून घेतला, नंतर रोमिओ, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शाळा सुटल्यावर हा मास्तर आणि हा पोरगा हॅकनी डाउन्सच्या मैदानापासून स्प्रिंगफील्ड पार्क, मग ली नदीच्या काठाने, क्लॅप्टन पॉन्डवरून खाली बेथनल ग्रीनपर्यंत चालत जायचे आणि चालता चालता नाटकांतले उतारे मोठमोठ्याने म्हणायचे. हा रस्ता मी चाललोय, चांगलीच पायपीट आहे. शिंप्याच्या पोरासाठी इतका वेळ काढणारा मास्तर सरकारी शाळेत होता, हे मला त्या सगळ्या नावांपेक्षा मोठं वाटतं.

मग 1963 ला आग लागली, जुन्या इमारतीचं खूप नुकसान झालं. 1969 ला शाळा कॉम्प्रिहेन्सिव्ह झाली, म्हणजे परीक्षा घेऊन निवडक मुलं घेणं बंद, सगळ्यांना प्रवेश. हे मला पटतं, पण तोपर्यंत हॅकनी बदललं होतं, जुनी ज्यू कुटुंबं बाहेर पडत होती, नवीन येणारे खूप देशांतून आलेले, गरीब, कितीतरी घरांत इंग्रजी बोललंच जात नव्हतं, आणि अशा पोरांसाठी जास्त मास्तर, जास्त पैसा लागतो. 1990 ला तर लंडनभरच्या शाळा बघणारी आयएलईए ही संस्थाच थॅचर सरकारने मोडीत काढली आणि शाळा हॅकनी कौन्सिलच्या गळ्यात पडली, ज्यांच्याकडे ना अनुभव होता ना धड पैसे.

पुढचं चक्र ज्यांनी शाळा बंद पडताना बघितल्यात त्यांना लगेच कळेल. नाव खराब झालं की जे पालक दुसरीकडे नेऊ शकतात ते मुलं काढतात, पट घसरतो, पटावर अनुदान, म्हणून पैसे कमी, मास्तर सोडून जातात, हेडमास्तर पटापट बदलतात, आणि जागा रिकाम्या असल्यामुळे दुसऱ्या शाळांनी काढून टाकलेली पोरंही इथेच येतात. 1994 ला ऑफस्टेडने, म्हणजे सरकारी तपासणी खात्याने, शाळा नापास ठरवली. कौन्सिल आधी बंद करू म्हणालं, 1995 च्या उन्हाळ्यात मत बदललं, तर शिक्षणमंत्री जिलियन शेपर्ड यांनी थेट स्वतःची माणसं नेमली आणि त्यांनी काही महिन्यांत बंद करा म्हणून सांगितलं. सरकारने असं पथक नेमून बंद केलेली ती पहिली शाळा. पालक कोर्टात गेले, हरले. तेव्हा जेमतेम 200 च्या आसपास मुलं उरली होती.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो तारखेचा. शाळा बंद झाली 31 डिसेंबर 1995 ला, म्हणजे वर्षाच्या मध्यात, आणि जीसीएसई, म्हणजे तिकडची दहावीसारखी परीक्षा, उन्हाळ्यात. आपल्याकडे दहावीच्या पोराला सहामाही झाल्यावर सांगावं की उद्यापासून दुसऱ्या शाळेत जा, नवीन मास्तर, नवीन वर्ग, तसलाच प्रकार. सहा महिने थांबले असते तर काय बिघडलं असतं?

आता त्याच जागेवर मॉसबोर्न अकॅडमी आहे, 2004 ला सुरू झाली. हॅकनी डाउन्स स्टेशनच्या पुढे रूळ फुटतात त्या बेचक्यात, आर्किटेक्ट रिचर्ड रॉजर्सच्या ऑफिसने डिझाइन केलेली लाकडी सांगाड्याची इमारत, ट्रेनमधून दिसते. रिझल्ट फार चांगले लागले, पहिले प्रिन्सिपल मायकेल विल्शॉ पुढे ऑफस्टेडचेच प्रमुख झाले. म्हणून लोक म्हणतात बघा, तीच वस्ती, तीच जागा, फक्त शिस्त आणली आणि जमलं. विल्शॉंची मेहनत मी नाकारत नाही. पण त्यांना कोरी इमारत मिळाली, सुरुवातीला एकच इयत्ता घेऊन शाळा हळूहळू वाढवता आली, आणि प्रवेश देताना मुलांची चाचणी घेऊन हुशार, मध्यम, कच्ची असे गट पाडून प्रत्येक गटातून मुलं घेतात, त्यामुळे वर्गात सगळ्या तऱ्हेची मुलं राहतात. हॅकनी डाउन्सला यातलं काहीच मिळालं नव्हतं, उलट बाकीच्यांनी नाकारलेली पोरं तिने सांभाळली. त्यामुळे या दोन शाळांची अशी सरळ तुलना मला मान्य नाही. आणि त्या पोरांना जिथे पाठवलं ती होमर्टन हाऊस शाळाही पुढे काही वर्षांनी बंदच झाली.