आधी मोजणी ठरव

सोलापूर

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. युवा महोत्सवात पाठवायचं गाणं कॉलेजातल्या मुलांनी रचलेल्या गाण्यांतून निवडायचं आहे आणि ते काम तुझ्याकडे आलंय, हे वाचून फार आनंद झाला. परीक्षक कोण बोलवावेत, असं तू विचारलंस. ते नंतर बघू. आधी गुण कसे मोजायचे ते कागदावर लिहून काढ.

मी हे ठेच लागून शिकलो. एका भावगीत स्पर्धेत आम्ही तिघं परीक्षक होतो. दोघांनी सगळ्यांना ६० ते ७० च्या आत बसवलं. तिसऱ्याने आवडत्या गायकाला ९५ दिले, बाकीच्यांना ३० ते ५०. बेरीज झाली आणि निकाल त्या एकट्याचा लागला. आम्हा दोघांच्या तक्त्यात पहिली असलेली मुलगी तिसरी आली. विंगेत ती पेटीच्या खोळीची नाडी बांधत होती. गाठ सुटायची, ती पुन्हा बांधायची. तिला काय सांगावं ते मला तेव्हा सुचलं नाही, आजही सुचत नाही.

मग गुणांऐवजी क्रमांक धरावेत? त्यातही खाचा आहेत. युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्यांच्या स्पर्धेला प्रत्येक देश आपलं गाणं आपल्या पद्धतीने निवडतो. स्पेनने त्यासाठी २०२२ मध्ये बेनिडॉर्म फेस्ट भरवला. निम्मं वजन परीक्षकांना, पाव नमुन्यादाखल निवडलेल्या प्रेक्षकांना आणि पाव घरून मत देणाऱ्यांना. घरून आलेल्या मतांपैकी सुमारे ७० टक्के तान्शुगेइरास या तिघींच्या गटाला पडली, शानेल या गायिकेला जेमतेम ४ टक्के. पण मतांचे गुण क्रमांकावर ठरत होते: पहिल्याला ३०, तिसऱ्याला २०. एवढी मोठी दरी दहा गुणांत बुजली. परीक्षकांच्या गुणांवर शानेल जिंकली, आणि देशभर गदारोळ उठला.

पुढे तीच शानेल तुरीनला युरोव्हिजनमध्ये तिसरी आली. १९९५ नंतर स्पेनला एवढं यश मिळालं नव्हतं. माझ्या मते गाणं योग्यच निवडलं गेलं. पण नियम आधी जाहीर असूनही लोकांना फसवल्यासारखं वाटलं, ते मला जास्त लागतं. नियम वाचणं वेगळं आणि आपल्या मताचं काय होतं ते डोळ्यांनी बघणं वेगळं. म्हणून तू आदल्या दिवशी सगळ्या स्पर्धकांना बसव, फळ्यावर मनचे आकडे मांड आणि त्यांच्यासमोर मोजणी करून दाखव. शंका काढतील, वाद घालतील. घालू दे. तेव्हाचा वाद निकालाआधीचा असतो, कुणाच्या जिवाला लागत नाही.

आता परीक्षकांचं. स्वीडनमध्ये १९७३ साली युरोव्हिजनचं गाणं निवडताना तज्ज्ञांच्या मंडळाने पुढे आबा या नावाने गाजलेल्या चौघा गायक-वादकांना तिसऱ्या क्रमांकावर ठेवलं, त्यावर बरीच टीका झाली. पुढच्या वर्षी मंडळांत सामान्य माणसं बसवली, आबा निवडले गेले आणि थेट युरोव्हिजन जिंकून आले. हल्ली तर त्यांच्या अंतिम फेरीत निम्मं वजन परदेशी मंडळांचं असतं, कारण गाणं शेवटी परक्या कानांसमोरच जायचंय. आपल्या गावात असे कान शोधायला लांब जावं लागत नाही. पूर्व भागातल्या एखाद्या तेलुगू घरातलं, अक्कलकोटकडचं एखादं कन्नड बोलणारं माणूस बोलव. शब्द पूर्ण कळले नाहीत तरी चाल त्यांना धरते का, ते बघ. आपल्याच वर्गातली तीन माणसं बसवलीस तर तिघांचा कान एकच असेल.

आणि एक गोष्ट विसरू नको. इटली आपलं गाणं सानरेमो या संगीत महोत्सवातून निवडते. २०२५ ला तो जिंकणाऱ्या ओली या गायकाने युरोव्हिजनला जायला नकार दिला. दुसऱ्या आलेल्या लुचो कोर्सीला पाठवलं आणि तो तिथे पाचवा आला. तेव्हा नाव नोंदवतानाच प्रत्येकाला विचार, निवड झाली तर येणार का? त्या दिवसांत परीक्षा किंवा घरचं लग्न नाही ना?

तक्ता आखलास की घेऊन ये. रविवारी सकाळी घरीच आहे, दोघं मिळून एकदा खोटी बेरीज करून बघू.

तुझा,
काका