३५ किलोचे लाड

प्रश्न : पाथर्डी फाट्याला राहतो, अंबडला कंपनीत आहे. लग्नाला दोन वर्षं झाली. बायकोने माहेरचा लॅब्रेडॉर सोबत आणला, तो आता १० वर्षांचा आहे. झोपतो आमच्याच पलंगावर. आधी ठीक होता, पण दिवाळीपासून मी सेकंड शिफ्टहून साडेबाराला येऊन पलंगावर बसलो की गुरगुरतो. परवा एक चापट दिली, तर बायको दोन दिवस बोलली नाही. लाड तर इतके, की हल्ली साहेब उडीसुद्धा मारत नाहीत, ही उचलून वर ठेवते. आई म्हणते, कुत्रं डोक्यावर चढलंय. मी सध्या सोफ्यावर झोपतो. बायकोला 'तो किंवा मी' असं स्पष्ट सांगू का?

उत्तर : मुळीच नको. हराल.

साहेब उडी मारत नाहीत, हे वाक्य मी तीनदा वाचलं. अहो, पत्रातली एकमेव कामाची गोष्ट तुम्ही टोमण्यात घालवलीत! लॅब्रेडॉर म्हणजे ३०-३५ किलोचं धूड. एवढं ओझं रोज रात्री कुणी हौसेने उचलत नाही. १० वर्षं हे या जातीचं म्हातारपण, आणि खुब्याचं दुखणं तर यांच्या पाचवीलाच पुजलेलं. त्यात नाशिकची थंडी. तुम्ही अंधारात धपकन बसता, गादी हलते, त्याच्या कमरेत कळ जाते. गुरगुरेल नाहीतर काय, नमस्कार करेल?

आणि चापट पुन्हा नको. गुरगुरणं ही त्याची पूर्वसूचना. ती मारून बंद केलीत, तर दुखणं तसंच राहील आणि पुढच्या वेळी थेट दात लागतील.

बायकोलाही मी सोडत नाही. रोज उचलते, पण उचलावं का लागतंय हे तिच्याही डोक्यात आलं नाही.

येत्या सुट्टीला त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. तिने नाही, तुम्ही. उडी बंद झाली आणि गुरगुर सुरू झाली, हे दोन्ही सांगा. खुबे, पाठीचा कणा तपासून घ्या, लागला तर एक्स-रे काढा. वजनही करा, जास्तीचा प्रत्येक किलो त्याच खुब्यांवर येतो. (पोळीचे तुकडे कोण टाकतं? आईच ना?) तोवर घरातली अंगदुखीची गोळी चुकूनही देऊ नका. आपल्याला चालणारं आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव करतं, मूत्रपिंडं निकामी करतं.

आजपासून त्याचं अंथरूण खाली, तिच्या बाजूला. गार फरशीवर नाही, जाड गोधडी दुहेरी घालून. आणि रात्री आलात की खोलीच्या दारातूनच त्याला नावाने हाक मारा. म्हाताऱ्या कुत्र्यांना ऐकू कमी येतं, तेव्हा हाक मोठ्याने मारा.

नाव माहीत आहे ना? एवढ्या मोठ्या पत्रात ते कुठेच लिहिलेलं नाही.