ऐकलेले पोचवण्याची जबाबदारी

अनेक उत्तम आशीर्वाद.

डॉर्मच्या देखरेखीची नोकरी आणि जोडीला भारतीय विद्यार्थी मंडळाचे सल्लागारपद, अशा दोन्ही जबाबदाऱ्या तू घेतल्याचे कळले. या कामांमुळे अमेरिकेतील क्लेरी कायद्याच्या लेखी तुझी गणना ‘कॅम्पस सिक्युरिटी ऑथॉरिटी’मध्ये, म्हणजे कानावर आलेले गुन्हे विद्यापीठाला कळवणे ज्यांना बंधनकारक आहे अशांमध्ये, होते, मग तुझ्या ओळखपत्रावर तसे काही छापलेले असो वा नसो.

पेनसिल्व्हेनियातील लीहाय विद्यापीठाच्या डॉर्ममध्ये १९८६ साली जीन क्लेरी या १९ वर्षांच्या विद्यार्थिनीचा खून झाला आणि तिच्या आईवडिलांच्या पाठपुराव्यातून १९९० मध्ये हा कायदा आला. संघराज्य सरकारची विद्यार्थी-मदत घेणाऱ्या प्रत्येक अमेरिकी विद्यापीठाला तेव्हापासून गुन्ह्यांची आकडेवारी जाहीर करावी लागते. हल्ली तीन वर्षांचे आकडे असलेला अहवाल दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत काढावा लागतो. त्या आकड्यांचा कच्चा माल तुझ्यासारख्यांकडून येतो.

ही भूमिका हुद्द्याला नव्हे, कामाला चिकटते. केवळ वर्गात शिकवणारा प्राध्यापक तिच्यात मोडत नाही; तोच एखाद्या विद्यार्थी मंडळाचा सल्लागार झाला की मोडतो. क्रीडा प्रशिक्षक आणि फाटकावर ये-जा तपासणारा कर्मचारीही मोडतात. व्यावसायिक समुपदेशक आणि धर्मोपदेशक मात्र, ते त्याच नात्याने बोलत असतील तर, वगळलेले आहेत.

समज, रात्री एक मुलगी येऊन लॅपटॉप चोरीला गेल्याचे सांगते. तो ग्रंथालयाच्या टेबलावरून गेला असेल, तर ती साधी चोरी, आणि क्लेरीच्या आकडेवारीत ती सहसा धरत नाहीत. बाहेरच्या कुणी तिच्या खोलीत शिरून नेला असेल, तर ती घरफोडी, आणि ती धरावीच लागते. खोलीतल्या मैत्रिणीनेच उचलला असेल, तर पुन्हा साधी चोरी. हा कीस तू काढू नकोस. काय झाले, नेमके कुठे आणि केव्हा, एवढे विचारून लिही आणि त्याच रात्री कळव, कारण इतरांना वेळेवर सावध करायचे की नाही, हा निर्णय त्या माहितीवर अवलंबून असतो. तक्रार खोटी ठरवण्याचा अधिकारही तुझा नाही. आकडेवारीतून ती वगळायची, तर पोलिसांनी रीतसर तपास करून ती निराधार ठरवावी लागते.

खरी कसोटी “कुणाला सांगू नका हं” या वाक्यापाशी लागते. व्हिसाची आणि घरी कळण्याची धास्ती आपल्या मुलांना फार असते (आणि ती नेहमीच अनाठायी नसते). तरीही गुप्ततेचे वचन देऊ नकोस. बोलणे सुरू होतानाच सांग की घटना कळवणे तुला बंधनकारक आहे. क्लेरीच्या आकडेवारीसाठी पीडित व्यक्तीचे नाव लागत नाही, पण लैंगिक छळासारख्या प्रकरणात टायटल नाइनचे (शिक्षणसंस्थांतील लिंगभेदाला मनाई करणाऱ्या कायद्याचे) नियम वेगळे असतात आणि तिथे तुझ्या विद्यापीठाच्या धोरणानुसार नावही द्यावे लागू शकते. पूर्ण गोपनीयता हवी असेल, तर समुपदेशन केंद्राची वाट तिथल्या तिथे दाखव.

हे निव्वळ कागदी घोडे नाचवणे आहे, असे तुझे सहकारी म्हणतील. २०२४ मध्ये याच कायद्याखाली लिबर्टी विद्यापीठाला १ कोटी ४० लाख डॉलरचा दंड झाला, हे त्यांना सांग. प्रशिक्षणाची तारीख अजून लागली नसेल, तर या आठवड्यातच क्लेरी समन्वयकाला गाठ आणि तक्रार नोंदवण्याचा फॉर्म फोनमध्ये जतन करून ठेव.