बुवा गेले, आता पेटीवर कसा बसू?

प्रश्न : गावच्या भजनीबुवांनी मला पेटी शिकवली. ते वारले. वास्कोच्या दामोदर भजनी सप्ताहात आमचं पथक बसणार आहे, पण माझे हात कापतात. धीर कुठून आणू? दुसऱ्याकडे शिकू का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : बुवा गेले, पण त्यांनी बसवलेली बोटं तुमच्याच हाताला आहेत. दिवेलागणीला समई लावली की पेटी उघडा. आधी नुसता षड्ज, म्हणजे ‘सा’, धरा, भाता सावकाश. तोही जपच आहे असं मी मानते. मी आजही भजनाला बसताना माझ्या बाईंचं नाव मनात घेते. मांडी कशी घालायची, हेसुद्धा त्यांनीच शिकवलं.

दुसऱ्याकडे जरूर शिका, ही बेइमानी नव्हे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले २४ गुरू सांगतो. त्यांत पृथ्वी आहे, कोळी हा किडासुद्धा आहे. आपल्या मंगेशीचे पं. जितेंद्र अभिषेकी कीर्तनकार वडिलांकडे शिकले, मग जगन्नाथबुवा पुरोहितांकडे, अझमत हुसेन खाँसाहेबांकडेही.

गुरुपौर्णिमेला बुवांच्या घरी नारळ घेऊन जा. वाड्यावरच्या एखाद्या पोराला त्यांचा एक अभंग शिकवा. शिकवताना आपल्याला किती येतं ते कळतं. सप्ताह श्रावणात, म्हणजे हाताशी वेळ आहे. सुरुवातीला जाणत्या पेटीवाल्याच्या शेजारी बसा आणि दोन अभंग तुम्ही मागून घ्या.