इंग्रजीतलं 'गंग-हो' (gung-ho, म्हणजे जोशाने भारलेला) हे विशेषण आपल्या 'गुंग हो'वरून आलं आहे का?

नाही. 'कामात गुंग हो' अर्थाला फिट्ट बसतं खरं, पण तो निव्वळ योगायोग. हा शब्द जपानी असल्याचंही काहीजण ठामपणे सांगतात, तेही चूक. मूळ चिनी आहे, आणि ते सापडतं चक्क एका सहकारी संस्थेच्या नावात.

1937 साली जपानने चीनवर हल्ला केला. शांघायसारख्या किनाऱ्यावरच्या शहरांतले कितीतरी कारखाने उद्ध्वस्त झाले किंवा जपान्यांच्या हाती गेले. तेव्हा न्यूझीलंडचे रेवी ॲली, अमेरिकन पत्रकार एडगर स्नो आणि त्यांच्या पत्नी हेलन फॉस्टर स्नो वगैरे मंडळींनी 1938 मध्ये देशाच्या आतल्या भागात छोटे सहकारी कारखाने काढायची चळवळ उभी केली. निर्वासित आणि बेकार कामगार तिथे सैन्यासाठी कांबळीसुद्धा विणत. या औद्योगिक सहकारी संस्थांचं चिनी नाव लांबलचक, म्हणून त्यातली दोनच अक्षरं उचलली: 'गुंग' आणि 'ह'. आपण 'अंनिस' म्हणतो ना, तसंच. सुटी केली तर 'काम' आणि 'एकत्र' असा अर्थ लागतो, पण चिनी लोकांच्या लेखी ते मुळात संस्थेचं नाव, रणघोषणा नव्हे.

रणघोषणा केली ती इव्हान्स कार्लसन या अमेरिकन मरीन अधिकाऱ्याने. हा गडी चीनमध्ये आठव्या रूट आर्मीबरोबर, म्हणजे चिनी कम्युनिस्टांच्या सैन्याबरोबर, हिंडला होता (सोलापूरचे डॉ. कोटणीस पुढे 1939 पासून याच सैन्यात होते). ॲलीकडून त्याने हा शब्द उचलला आणि 1942 मध्ये आपल्या रेडर बटालियनला (छापे घालणाऱ्या तुकडीला) तोच मंत्र दिला. त्याच्या 'गंग-हो' बैठकांत साध्या शिपायालाही मोहिमेची आखणी समजावून सांगत, शंका विचारू देत. अधिकाऱ्यांना वेगळ्या सवलती नाहीत. सैन्यात हे भलतंच होतं! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये या बटालियनने पॅसिफिकमधल्या, जपान्यांच्या ताब्यातल्या माकिन बेटावर छापा घातला, 1943 मध्ये त्यावर 'गंग हो!' नावाचाच सिनेमा निघाला आणि शब्द घरोघरी पोचला.

पुढे 'एकत्र' मागे पडलं, उरला नुसता जोश, तोही बऱ्याचदा जरा अतीच. त्यामुळे साहेब तुम्हाला 'गंग-हो' म्हणाले तर लगेच खूश होऊ नका, आधी त्यांचा सूर बघा. आणि बायोडाटात तर स्वतःबद्दल हा शब्द अजिबात लिहू नका.