अंगणातील फीडरवर पारवे आणि कावळे येऊ नयेत, यासाठी काय करावे?

आपण विचारले आहे की, जळगावातील घराच्या अंगणात चिमण्यांसाठी टांगलेल्या फीडरवर पारव्यांचा थवा उतरतो, पाठोपाठ कावळे येतात, तासाभरात दाणे संपतात आणि चिमण्या कुंपणावरच ताटकळत राहतात, तर या मोठ्या पक्ष्यांना इजा न करता दूर कसे ठेवावे. मी पाचोऱ्याजवळ राहतो आणि घरामागच्या बागेत बरीच वर्षे पक्ष्यांसाठी दाणापाणी ठेवत आलो आहे. त्या अनुभवावरून माझे स्पष्ट मत असे आहे की, हुसकावण्याच्या नादी लागू नये. फीडरची रचनाच अशी करावी की, जड पक्ष्याला त्यावर पाय टेकता येणार नाही, आणि दाणे इतकेच ठेवावेत की, जमिनीवर त्यांचा सडा पडणार नाही.

पारव्याचे वजन साधारण 250 ते 350 ग्रॅम असते, तर चिमणीचे 25 ते 30 ग्रॅम. पारव्याचे रानटी पूर्वज कड्याकपारींत राहणारे असल्यामुळे त्याला उभे राहून खाण्यासाठी सपाट, रुंद जागा लागते. आपल्या इमारतींचे छज्जे आणि गच्चीचे कठडे त्याला कड्यांसारखेच सोयीचे वाटतात. उभ्या किंवा झुलत्या वस्तूला लोंबकळून दाणे टिपणे त्याला जवळजवळ जमत नाही. चिमणी, मुनिया आणि सुगरण हे पक्षी मात्र गवताच्या काडीला धरून, प्रसंगी उलटे होऊनही खातात. आपल्याला उपयोगी पडणारा फरक हाच आहे.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त फीडरना खाली पसरट थाळी असते आणि खरी अडचण तिथेच होते. थोडा वेळ जवळून पाहिल्यास लक्षात येईल की, एक पारवा थाळीच्या कडेवर बसण्यासाठी पंख फडफडवतो, त्याच्या वजनाने फीडर एका बाजूला कलंडतो, दाणे भसाभस खाली ओततात आणि बाकीचा थवा जमिनीवर निवांत टिपत बसतो. म्हणून थाळी काढून टाकावी किंवा दाणे पडण्याच्या छिद्रांपुरतीच तिची कड ठेवावी. बसण्यासाठी काडी लावायची असेल तर ती बोटाच्या दोन पेरांएवढीच असावी. चिमणीला तेवढी पुरते. पारव्याला त्यावर तोल सावरता येत नाही.

तरीही थवा हटत नसेल तर फीडरभोवती जाळीचा पिंजरा करणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. हार्डवेअरच्या दुकानात वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्डिंगने जोडलेली ताठ जाळी, मागावी आणि दीड इंची चौकोनांची घ्यावी. दोन इंची जाळीतून पारवा आणि कावळा आत येऊ शकत नाहीत, पण साळुंकी कधीकधी शिरते; दीड इंचीतून चिमणी आणि मुनिया सहज ये-जा करतात. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती अर्ध्या इंचाची बारीक जाळी मुळीच वापरू नये, कारण तिच्यातून चिमणीही जात नाही आणि तिचे पाय अडकण्याची भीती राहते. जाळी गोल वळवून नळकांडे करावे, वरून आणि खालूनही जाळीच लावावी, आणि दाणे भरण्यासाठी वरच्या झाकणाला तारेची बिजागरी ठेवावी. फीडर या पिंजऱ्याच्या बरोबर मध्ये टांगावा आणि त्याच्या चारही बाजूंना किमान पाच-सहा इंच अंतर सोडावे, कारण अंतर कमी पडले की कावळा बाहेरून चोच घालून फीडर हलवतो आणि दाणे सांडतो. कापलेल्या तारांची टोके पकडीने आत वळवण्याचा कंटाळा करू नये, कारण उघडे टोक पक्ष्याच्या पायाला आणि पिसांना इजा करते. पिंजरा नवा असताना चिमण्या काही दिवस बिचकतात आणि जाळीवर बसून नुसत्या आत डोकावतात. एकदा एक आत गेली की बाकीच्या मागोमाग जातात. खारीला मात्र ही जाळी अडवत नाही, आणि मला तिची तक्रारही नाही. होल्यांचा, म्हणजे पारव्याच्याच कुळातील लहान पक्ष्यांचा, मार्ग मात्र पारव्यांबरोबरच बंद होतो. गरीब स्वभावाच्या या पक्ष्याबद्दल वाईट वाटते, पण त्याला वाट ठेवली की पारव्यालाही ती मिळते.

पिंजऱ्याचा खटाटोप नको असेल तर आपल्याकडे त्याहून सोपा आणि जुना मार्ग आहे, तो म्हणजे कणसे टांगणे. दादर, म्हणजे आपल्याकडची रब्बी ज्वारी, निघाली की शेतकऱ्याकडून दहा-बारा भरलेली कणसे मागून आणावीत. पावसाळ्यानंतर बाजरीचीही मिळतात. कणसांची जुडी बांधू नये, कारण जुडीवर पारव्याला पाय रोवायला जागा मिळते. एकेक कणीस बारीक तारेने, दांडी वर आणि दाणे खाली, असे पडवीच्या वाशाला किंवा छज्ज्याखालच्या हुकाला लोंबते ठेवावे. चिमणी कणसाला नखांनी धरते आणि झोके घेत एकेक दाणा उपसते. पारवा दोन-तीन वेळा झेप घेऊन पाहतो आणि नाद सोडतो. पोपट मात्र कणसाला लटकू शकतो, इतकेच नव्हे तर तो दाणे खाण्याऐवजी अख्खे कणीस कुरतडून खाली पाडतो. म्हणून कणसे उघड्या झाडाला न बांधता घराच्या अगदी लगत आणि आढ्याखाली ठेवावीत. माणसांची ये-जा असलेल्या ठेंगण्या पडवीत चिमणी बिनधास्त येते, पोपट आणि कावळा सहसा येत नाहीत. मांजरीची उडी पोहोचणार नाही इतकी उंची मात्र हवी.

आता दाण्यांविषयी. गहू, मका, हरभऱ्याची डाळ, शिळा भात आणि पोळीचे तुकडे ठेवणे पूर्ण बंद करावे. बाजरी, राळा आणि तांदळाची बारीक कणी यांवर छोट्या पक्ष्यांचे उत्तम भागते. पारवाही बाजरी खातो, पण मोठा दाणा जवळपास कुठे मिळत असेल तर तो तिकडे वळतो, आणि जळगावसारख्या डाळ मिलच्या शहरात त्याला असा दाणा कुठेही मिळतो. आपण दाणे थांबवले म्हणून पारवे उपाशी मरतील, ही काळजी म्हणूनच करू नये. कावळ्याचे तर बाजरीशी फारसे देणेघेणे नसते; तो भाकरी, फरसाण आणि खरकट्यासाठी येतो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) किंवा पितृपक्षात त्याच्यासाठी घास ठेवण्याची आपली रीत मोडण्याचे कारण नाही. फक्त तो घास गच्चीवर, फीडरपासून लांब ठेवावा. एरवी अंगणात खरकटे टाकू नये, कारण एकदा ठरलेली जागा कावळा विसरत नाही आणि जवळपास घरटी असतील तर चिमणीची अंडी-पिल्लेही पळवतो.

दाणे सकाळी मूठभर आणि संध्याकाळी मूठभर, एवढेच घालावेत. दिवसभर भरलेला फीडर म्हणजे थव्याला कायमचे आमंत्रण असते. खाली पडलेले दाणे रोज झाडून घ्यावेत, विशेषतः पावसाळ्यात, कारण ओलसर दाण्यांना बुरशी येते आणि ते खाऊन पक्षी आजारी पडतात. आठवड्यातून एकदा फीडर साबणाच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवावा. पारव्यांची वाळलेली विष्ठा झाडताना आधी पाणी शिंपडावे आणि नाका-तोंडाला फडके बांधावे, कारण त्या धुळीने दमा आणि फुप्फुसांचे विकार बळावू शकतात. 2025 साली मुंबईतील कबुतरखान्यांचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यामागेही मुख्यतः हेच आरोग्याचे कारण होते.

दाणे वाढवले की चिमण्या वाढतील, असे अनेकांना वाटते, पण प्रत्यक्षात पारवे वाढतात. पारव्याची मादी एका वेळी दोन अंडी घालते, खाणे मुबलक असेल तर वर्षभरात अनेकदा घालते, आणि नर-मादी दोघेही आपल्या गळ्यातील पिशवीत तयार होणारा दुधासारखा स्राव पिल्लांना भरवतात. तो स्राव दाणे खाऊनच तयार होतो, त्यामुळे नुसत्या धान्यावरही त्यांची वीण चालते. चिमणीच्या पिल्लांना मात्र सुरुवातीच्या दिवसांत अळ्या आणि किडेच लागतात. तेव्हा चिमण्यांसाठी खरोखर काही करायचे असेल तर बागेत कीटकनाशकाची फवारणी थांबवावी आणि मेंदी, बोर, बाभूळ यांसारखी काटेरी किंवा दाट झाडे कुंपणाला राहू द्यावीत. अशा झुडपाजवळ टांगलेल्या फीडरवर चिमण्या निर्धास्त येतात, आणि मोकळ्यावर भरारी घेत उतरणाऱ्या पारव्याला ती अडचणीची जागा आवडत नाही.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे पाणी सर्वांनाच खुले असावे, असे मला वाटते. तिथे पारव्यांना अडवू नये. फक्त पाण्याचे मातीचे भांडे फीडरपासून बरेच दूर, सावलीत ठेवावे, म्हणजे पाण्यासाठी आलेला थवा दाण्यांकडे वळत नाही.

चमकत्या सीडी, कॅसेटची फीत, प्लॅस्टिकचे घुबड यांवर पैसे घालवू नयेत; पक्षी थोड्याच दिवसांत सरावतात आणि मग पारवा त्याच घुबडाच्या डोक्यावर बसतो. चिकट पदार्थ, ग्रीस, नायलॉनचा मांजा आणि विषारी दाणे यांचा विचारही करू नये, कारण त्यांत सर्वांत आधी चिमण्याच सापडतात. कायद्याच्या दृष्टीनेही सांगायचे तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार आपल्याकडचे देशी पोपट पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे, आणि कावळ्याला उपद्रवी ठरवणारी त्या कायद्यातील जुनी अनुसूची 2022 च्या दुरुस्तीने वगळण्यात आली आहे.

सुरुवात करताना आधी आठ-दहा दिवस दाणे पूर्ण बंद ठेवावेत. थव्याची आपल्या अंगणात उतरण्याची सवय तुटण्यासाठी एवढा खंड आवश्यक असतो. फीडर चालू ठेवूनच त्याला जाळी लावली तर पारवे तिच्यावर बसून राहतात आणि चिमण्यांना जवळ येऊ देत नाहीत. शेजारी कोणी गच्चीवर ज्वारी टाकत असेल तर त्यांच्याशीही याच दिवसांत बोलून घ्यावे, कारण त्यांच्या गच्चीवरचा थवा दाणे संपले की आपल्याच अंगणात उतरणार. त्यानंतर पिंजऱ्यासह फीडर नव्या जागी, शक्यतो झुडपाच्या बाजूला टांगावा आणि पहिले काही दिवस त्यात निम्मी मूठच बाजरी घालावी.